बास्केटबॉल मशीन गुण मोजत नाही? बोर्डाला हात लावण्याआधी चेंडू मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोरिवलीत एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर लहानसा गेम झोन आहे, त्यात सेकंडहँड घेतलेली दोन बास्केटबॉल मशीन आहेत. पहिल्यात चेंडू रिंगमधून गेला तरी कधी गुण पडतो, कधी पडत नाही. दुसऱ्यात संध्याकाळच्या वेळी चेंडू न टाकताच गुण चढतात, शिवाय शनिवार-रविवारी ऐन गर्दीत ते मध्येच बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होतं. दुरुस्तीवाल्याने दोन्हींचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, म्हणजे गुण मोजणारी सर्किटं, बदलायला सांगितले आहेत. बदलावेत का?

नका बदलू. निदान या आठवड्यात तरी नको.

लालबागच्या एका गाळ्यात बसून बावीस वर्षं मी हीच मशीन खोलतोय आणि बंद करतोय. बोर्ड खरंच गेलाय अशी मशीन येतात, नाही असं नाही, पण फार कमी. साधा विचार करा. बोर्ड पेटीत कुलूपबंद बसलेला असतो, त्याला दिवसभर कोणी बोटही लावत नाही. मार खाते ती रिंग. रविवारी संध्याकाळी एका मशीनवर तासाला किती चेंडू आदळतात ते एकदा उभं राहून मोजा. रिंग हादरते, तिच्यासोबत चेंडू मोजणारा सेन्सर हादरतो, सेन्सरची वायर हादरते, वायरचा कनेक्टर हादरतो. बिघाड शोधायचा तो याच क्रमाने. दुरुस्तीवाले उलट टोकाकडून सुरुवात करतात, कारण बोर्ड बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याचं बिल मोठं होतं.

हे मशीन काही फार गूढ नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या सलायना गावच्या केन कॉक्रन नावाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाने १९८१ मध्ये ‘पॉप-अ-शॉट’ बनवलं, तेव्हापासून मूळ मामला तोच आहे: उतरती फरशी, रिंगखाली मोजणारं काहीतरी आणि घड्याळ. बाकी दिवे, गाणी आणि गुणांवर मिळणारी तिकिटं नंतर चिकटली.

आता तुमचं पहिलं मशीन. झोन उघडायच्या आधी एक तास काढा, सोबत कागद-पेन घ्या. वीस चेंडू रिंगच्या बरोबर मधून सोडा, फेकू नका, स्टुलावर उभं राहून हाताने सोडा. मग वीस डाव्या कडेला घासून, वीस उजव्या कडेला घासून, वीस मागच्या फळीवर आपटून. प्रत्येक वेळी किती मोजले ते लिहा. एवढ्या एका कागदावर निम्मं निदान होतं.

ही युक्ती मला एका पोराने शिकवली. नागपाड्यात बास्केटबॉल म्हणजे काय चीज आहे ते मुंबईकराला सांगायला नको. मस्तान वायएमसीएच्या मैदानाजवळून जाताना कानावर आधी चेंडूचा आवाज येतो. तिकडचा एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मी दुरुस्त करून दिलेल्या मशीनवर खेळत होता. पाच मिनिटांत माझ्याकडे येऊन म्हणाला, “काका, डावीकडून पडला की हे मोजत नाही. मी मघापासून मुद्दाम डावीकडे टाकतोय.” मी दोन दिवस त्या मशीनचा बोर्ड तपासत बसलो होतो! तो म्हणाला तसे चेंडू टाकून बघितले, तर दहातले चार गायब.

कारण शाळेच्या भूमितीतलं आहे. समजा रिंग आतून ३० सेंटिमीटर आहे आणि चेंडूचा व्यास १८. चेंडू एकदम कडेला घासून पडला, तर त्याचं केंद्र रिंगच्या केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर असतं. चेंडूची त्रिज्या ९. म्हणजे चेंडू ओळखणारा सेन्सरचा अदृश्य किरण रिंगखालून बरोबर मधून आडवा जात असेल, तर कडेचा चेंडूही तो किरण कापतोच, ३ सेंटिमीटर हातचे राखून. हे ३ सेंटिमीटर म्हणजे तुमची सगळी पुंजी. रिंग मार खाऊन वाकली, सेन्सरची पट्टी सरकली, किरण मधून ३ सेंटिमीटर बाजूला गेला की एका कडेचे चेंडू सुटायला लागतात.

दुसरी गोष्ट, आणि सेकंडहँड मशीनमध्ये मी आधी हीच बघतो: चेंडू मूळचे आहेत का? जुने फाटले की मालक जवळच्या खेळण्यांच्या दुकानातून ‘तसेच दिसणारे’ चेंडू आणतो. ते १५ सेंटिमीटरचे निघाले, तर वरचं गणित पुन्हा मांडा. कडेचा चेंडू केंद्रापासून साडेसात सेंटिमीटरवर, त्रिज्याही साडेसात. किरणाला नुसता स्पर्श करून जाणार. कधी मोजणार, कधी नाही, नेमकी तुमची तक्रार. शिंप्याकडची टेप घ्या, चेंडूचा घेर मोजा, ३.१४ ने भागा. १८ सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूचा घेर साधारण साडेछप्पन्न भरतो. ४७-४८ भरला तर चोर सापडला. चेंडू बदला, धोबीतलावला मेट्रोजवळच्या खेळाच्या दुकानांत मोजून घ्या. दुकानदाराला टेप लावलेली आवडत नाही, पण लावा.

मऊ चेंडूही तोच त्रास देतो. हवा कमी झाली की तो रिंगमध्ये चेपतो, जाळीत रेंगाळतो, उतारावरून अर्ध्यात थांबतो. उलट टम्म फुगवलेला चेंडू रिंगचे बोल्ट सैल करतो आणि पिंजऱ्याबाहेर उडतो. प्रेशरचा मीटर नसेल तर सहा फुटांवरून चेंडू कडक फरशीवर सोडा. कमरेच्या आसपास उसळला तर ठीक, छातीपर्यंत आला तर हवा जास्त आहे. पंपाची सुई कोरडी घालू नका, आतला रबरी व्हॉल्व फाटतो. पाण्याचा थेंब लावला तरी पुरतो.

चेंडू बरोबर निघाले तर रिंगकडे या. दोन्ही हातांनी धरून हलवा. तिने जराही खुळखुळ केली तर आधी तिचे बोल्ट. साधे नट इथे टिकत नाहीत. आत नायलॉनची चकती असलेले नायलॉक नट लावा, स्टेनलेसचे. नागदेवी स्ट्रीटला हवा तो माप मिळतो. मुंबईच्या हवेत साध्या लोखंडी बोल्टला एका पावसाळ्यात गंज चढतो, मग तो पान्याने न सुटता तुटतो आणि ड्रिल करून काढायला अर्धा दिवस जातो.

मग सेन्सर. रिंगखाली समोरासमोर दोन डोळे असतील तर तो आरपार प्रकार: एक इन्फ्रारेड किरण सोडतो, दुसरा झेलतो, चेंडू आडवा आला की गुण. एकच डोळा असेल तर तो परावर्तनाचा: चेंडूवरून परत आलेला किरण बघतो. जुन्या मशीनमध्ये नुसती लोखंडी पट्टी आणि खाली मायक्रोस्विच असतो. त्यात पट्टी वाकली आहे का आणि स्विच ‘टक’ वाजतोय का, एवढंच बघायचं.

इन्फ्रारेड किरण माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसतो. पुढचा, सेल्फीचा कॅमेरा वापरा. मागच्या कॅमेऱ्यात तो प्रकाश अडवणारी काच असू शकते. सेन्सरवर रोखला की फिकट जांभळा ठिपका दिसतो. कॅमेरा चालतोय का याची खात्री आधी टीव्हीच्या रिमोटवर करून घ्या. ठिपका नाही म्हणजे किरण सोडणारा मेलाय किंवा त्याला वीज पोचत नाही. ठिपका आहे पण अंधूक आहे, तर काच पुसा. वर्षभराची धूळ, त्यात फूड कोर्टाची तेलकट वाफ. मी काढलेला थर एकदा नखाने खरवडावा लागला होता. पुसायला मऊ कापड आणि साबणाचं पाणी पुरे. थिनर नको, नेलपॉलिश रिमूव्हर नको, स्पिरिटही ॲक्रिलिकवर नको. आज चकचकीत दिसतं, महिन्याने बारीक तडे जातात.

डोळे स्वच्छ, समोरासमोर, तरीही चुकतंय? मग वायर. तीन तारांचा सेन्सर असेल तर तपकिरी म्हणजे पुरवठा, निळी म्हणजे ग्राउंड, काळी म्हणजे सिग्नल. मल्टिमीटर डीसीवर लावून काळी आणि निळी यांच्यात टोकं धरा, रिंगमध्ये हात घाला-काढा. आकडा प्रत्येक वेळी स्पष्ट खाली-वर व्हायला हवा. आता दुसऱ्या माणसाला वायर मुळापासून बोर्डापर्यंत बोटाबोटाने वाकवायला सांगा. कुठेतरी आकडा उड्या मारायला लागेल. तिथे वरून प्लास्टिक शाबूत आणि आत तांबं तुटलेलं असतं. रिंग पुढे-मागे सरकणारी असेल तर हे होणारच. जोड देऊन टेप गुंडाळू नका, अख्खी वायर बदला. बारीक तारांची, लवचिक घ्या. रिंग सगळ्यात दूर गेल्यावरही वायरला ढिलाई राहील असा वळसा ठेवा. ताणून बांधलेली वायर बघणाऱ्याला नीटनेटकी वाटते आणि चार महिन्यांत तुटते.

कनेक्टरही एकदा काढून घाला. दहा वेळा काढ-घाल केल्याने पिनांवरची काजळी घासली जाते, पुष्कळ ‘गेलेले’ बोर्ड एवढ्याने जिवंत झालेले मी पाहिलेत. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला तर उत्तम. बिजागऱ्यांना मारतात तो तेलकट फवारा इथे नको, तो धूळ धरतो.

एका चेंडूला दोन गुण पडत असतील तर तेही सांगून ठेवतो. रिंगच्या अर्धा मीटर वरून खाली येणारा चेंडू किरणापाशी सेकंदाला साधारण ३ मीटर वेगाने पोचतो. १८ सेंटिमीटरचा चेंडू म्हणजे किरण सुमारे ६० मिलिसेकंद अडतो. बोर्ड असा एक मोठा अडथळा म्हणजे एक गुण धरतो. जाळी खालून घट्ट झाली असेल तर चेंडू त्यात अडकून वर-खाली होतो, किरण दोनदा तुटतो, दोन गुण. ग्राहक खूश, तिकिटांचा हिशेब बोंबलतो. जाळी सैल करा किंवा बदला.

जाळीवरून तुमच्या दुसऱ्या मशीनकडे येतो, फुकट गुण देणाऱ्या.

आधी बघा, जाळीचा तुटलेला दोरा सेन्सरसमोर लोंबतोय का. एसीचा झोत त्याच बाजूला असेल तर दोरा हलतो आणि प्रत्येक हेलकाव्याला गुण. हसू नका, यासाठी मी ठाण्याला दोन फेऱ्या मारल्यात. कात्रीने दोरा कापला, काम संपलं. पैसे मागायची लाज वाटली, पण मागितले.

तुम्ही ‘संध्याकाळी’ म्हणताय म्हणून मला संशय उन्हाचा येतोय. दक्षिण मुंबईतल्या एका झोनमध्ये असंच भूत होतं. रोज सव्वापाचच्या सुमारास मशीन स्वतःच खेळायला लागायचं. मालकाने नुसतं लिंबू-मिरची नाही, एक काळी बाहुलीही टांगली होती. मजा अशी की दिवाळीनंतर भूत लवकर येऊ लागलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण मुंबईत जूनअखेर सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो आणि नोव्हेंबरमध्ये सहाच्या सुमारास. भूत सूर्याचं वेळापत्रक पाळत होतं! पश्चिमेच्या काचेतून तिरपं ऊन थेट सेन्सरच्या डोळ्यात शिरत होतं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. स्वस्त सेन्सरला स्वतःचा किरण कुठला आणि सूर्याचा कुठला ते कळत नाही. परावर्तनाच्या सेन्सरला वाटतं समोर चेंडू आहे. मागे माणसं ये-जा करतात, जाळी हलते, प्रकाश लुकलुकतो आणि गुण चढत जातात. आरपार प्रकारात उलटं घडतं: झेलणारा डोळा उन्हाने इतका भरून जातो की चेंडू आडवा आल्याचं त्याला कळत नाही आणि खरे गुणही पडत नाहीत. शेजारी हॅलोजनचा दिवा असेल तर तोही हाच खेळ करतो.

तपासायला पुठ्ठा पुरतो. संध्याकाळी फुकट गुण सुरू झाले की मशीन आणि खिडकी यांच्यामध्ये मोठा पुठ्ठा धरा. थांबले तर ऊनच. उपाय म्हणजे सेन्सरच्या डोळ्यावर काळ्या नळीचा चार सेंटिमीटरचा तुकडा टोपीसारखा बसवायचा. वायरिंगची पीव्हीसी नळी आतून काळी रंगवली तरी चालते. एवढ्याने भागलं नाही तर मशीनचं तोंड फिरवा. परावर्तनाच्या सेन्सरला मागे बारीक स्क्रू असतो, त्याने पल्ला कमी होतो. रिंगपलीकडचं काही दिसू नये इतपतच पल्ला ठेवा. पाव-पाव फेरा फिरवा, एकदम नको.

राहिलं शनिवार-रविवारचं बंद होणं. दुरुस्तीवाल्याने याच कारणासाठी दुसरा बोर्ड बाद केला असणार. पण बोर्ड खराब असता तर मंगळवारीही बंद पडला असता. शनिवारी वेगळं काय होतं? शेजारची सगळी मशीन चालू असतात आणि हेही सलग चालतं.

आधी भिंतीकडे बघा. एका एक्स्टेंशन बोर्डावर किती मशीन आहेत? पिन हाताला गरम लागते का? प्लगची खोबणी काळी पडली आहे का? यातलं काहीही असेल तर ते आधी नीट करा, तेही परवानाधारक वायरमनकडून.

मग मशीनच्या आतला पुरवठा, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो. तो २३० व्होल्ट एसी घेऊन १२ आणि ५ व्होल्ट डीसी देतो. दुरुस्तीवाला एसएमपीएसच्या स्क्रूवर मीटर लावतो, ५ व्होल्ट दिसले की ‘सप्लाय ओके, बोर्ड खराब’ म्हणतो. चूक. मीटर बोर्डाच्या कनेक्टरवर लावायचा, आणि मशीन खेळत असताना. तुमच्या मशीनमध्ये पुरवठा खाली आणि बोर्ड वर असेल, तर मधे ३ मीटर वायर सहज असते. अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरला मीटरमागे साधारण ०.०४ ओहम रोध. जाऊन-येऊन ६ मीटर म्हणजे जवळपास पाव ओहम. दीड अँपिअर वाहिले तर वाटेतच ०.३५ व्होल्ट गळतात. खाली ५, वर ४.६५. प्रोसेसर एवढ्यावर कुरकुरत चालतो. सगळे दिवे एकदम पेटले आणि मोटर सुरू झाली की अजून थोडं खाली जातं आणि बोर्ड रिसेट होतो. त्याच जागी दीड चौरस मिलिमीटरची वायर टाका, गळती ०.१२ वर येते. वायर लोहार चाळीत मिळते, खर्च किरकोळ.

वायर जाड आहे तरी ५ व्होल्ट डळमळतात? मग एसएमपीएसमधले कपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं, तळाशी तपकिरी ओघळ, म्हणजे तो गेला. लॅमिंग्टन रोडला १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान सोसणारे मागून घ्या, ८५ चे घेऊ नका. बंद पेटीत, वर दिव्यांची उष्णता, ८५ चे टिकत नाहीत. पण सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर अख्खा एसएमपीएस बदला आणि झाकण उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच असतात. माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

बंद पडण्याचा नेमका क्षण नोकराला लिहायला सांगा. खेळ संपताना, गेट पडलं त्याच क्षणी रिसेट होत असेल तर गोष्ट वेगळी आहे. चेंडू अडवणारं गेट काही मशीनमध्ये सोलेनॉइडवर चालतं. सोलेनॉइड म्हणजे तारेची गुंडाळी. तिची वीज तोडली की ती उलटा जोरदार झटका परत फेकते. तो गिळायला तिच्या दोन टोकांवर एक डायोड असतो, बहुधा १एन४००७, पावाच्या तुकड्यापेक्षा स्वस्त. कोणीतरी सोलेनॉइड बदलताना तो लावायचा विसरला, किंवा उलटा लावला, तर एक तर बोर्ड हँग होतो किंवा गेट चालवणारा ट्रान्झिस्टर जळतो. ट्रान्झिस्टर जळला की ‘बोर्ड गेला’, नवा बोर्ड येतो, डायोड तसाच नसतो, पंधरा दिवसांत नवाही जातो. एका गिऱ्हाइकाचे असे तीन बोर्ड माझ्या कपाटात पडलेत.

सोलेनॉइड तपासायला तो सुटा करून मीटर ओहमवर लावा. शून्याजवळ आकडा म्हणजे आत शॉर्ट, काहीच नाही म्हणजे तार तुटली. कॉइल जळते ती मुख्यतः गेट अडकल्यामुळे. चेंडू मधे फसलेला असतो, सोलेनॉइड ओढत राहतो, तापतो. म्हणून नवा लावण्याआधी गेट हाताने वर-खाली करून बघा, ते स्वतःच्या वजनाने पडायला हवं. मोटरवरच्या गेटला कॅम (मोटरसोबत फिरणारी उंचवट्याची चकती) आणि तिने दाबला जाणारा मायक्रोस्विच असतो, मोटर थांबतच नसेल तर आधी स्विचची पात वाकली आहे का ते बघा.

चेंडू परत यायला उशीर होत असेल तर मशीनला दोष देण्याआधी जमीन बघा. मॉलच्या टाइलखालची फरशी सरळ असेलच असं नाही. खालचे चार पायाचे बोल्ट फिरवून, स्पिरिट लेव्हल आडवी ठेवून दोन्ही बाजू सारख्या करा. बाजूला कललेल्या मशीनमध्ये सगळे चेंडू एका कोपऱ्यात गोळा होतात.

टोकनच्या खाचेबद्दल फारसं काही नाही. तुम्ही रुपयाची नाणी घेत असाल तर थांबा. एकाच किमतीची वेगवेगळ्या काळातली नाणी वेगळ्या मापाची आणि वजनाची चालू आहेत. आत नमुन्याचं एक नाणं ठेवून त्याच्याशी तुलना करणारी खाच मग अर्धी नाणी परत फेकते आणि गिऱ्हाईक मशीनला लाथ घालतं. टोकन ठेवा. नमुन्याचं टोकन जागेवर घट्ट बसलंय का बघा, वाट ओल्या कापडाने पुसा.

तिकिटांचं मात्र पावसाळ्यात जपा. कागद दमट होतो, फुगतो, यंत्रात एकावर एक चिकटतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिकिटांचे गठ्ठे बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि मशीनमध्ये एका दिवसापुरतेच भरा. तिकीट मोजणाऱ्या सेन्सरमध्ये कागदाचा भुसा साचतो, दर सोमवारी मऊ ब्रशने झाडा.

अर्थिंगविषयी मी कोणाचं ऐकून घेत नाही. पिंजरा लोखंडी, पोरांचे हात घामाने ओले. पिंजऱ्याचा कुठलाही रंग खरवडलेला भाग आणि प्लगची अर्थ पिन यांच्यात मीटरने सलगता आलीच पाहिजे. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, हवा. तो सारखा ट्रिप होतो म्हणून त्याला बायपास करणारे वायरमन आहेत. अशाला दारातूनच परत पाठवा आणि गळती शोधा.

हे सगळं झाल्यावरही, म्हणजे चेंडू बरोबर, रिंग घट्ट, सेन्सरचा सिग्नल मीटरवर स्वच्छ, बोर्डावर ५ व्होल्ट ठाम, तरीही गुण चुकत असतील, तर सोपा शेवटचा पडताळा आहे. दोन्ही मशीन एकाच कंपनीची आणि एकाच मॉडेलची असतील तर बोर्डांची अदलाबदल करा. खोड बोर्डाबरोबर गेली तर बोर्ड, मशीनमध्येच राहिली तर बोर्ड निर्दोष. अदलाबदलीआधी मोबाइलवर फोटो घ्या: प्रत्येक कनेक्टर कुठे होता आणि बोर्डावरच्या लहान पांढऱ्या स्विचांची रांग कोणत्या स्थितीत होती. खेळाचे सेकंद, तिकिटांचं प्रमाण, आवाज हे सगळं त्या रांगेत असतं. ती चुकली की मशीन ठणठणीत असूनही रविवारी तिकिटांचा पाऊस पडतो.

आणि बोर्ड बदलावाच लागला, तर जुना दुरुस्तीवाल्याला देऊ नका, ‘भंगार आहे, राहू द्या’ म्हणाला तरी. त्याच्यावरचे कनेक्टर, रिले आणि डिस्प्ले चालवणाऱ्या आयसी पुढच्या वेळी कामाला येतात. त्यालाही ते माहीत असतं.